'जन्माला तर आलो, पण…' : खोडकर मुलांच्या एका जपानी मूकपटाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचे नाव निघाले की बहुतेकांना त्यांचे उत्तरकाळातले संथ आणि हळवे कौटुंबिक चित्रपट आठवतात. त्याच ओझूंनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी दोन द्वाड भावांवर एक मूक विनोदपट केला होता, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. तो पाहिलेले आणि पाहू इच्छिणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. जिथे सांगण्यासारखे अधिक होते, तिथे हात आखडता घेतलेला नाही.

हा चित्रपट नेमका कोणता आणि तो कधीचा?

मूळ जपानी नाव 'उमारेते वा मिता केरेदो'. मराठीत त्याचा अर्थ 'जन्माला येऊन तर पाहिले, पण…' असा होईल. बोलण्याच्या सोयीसाठी आपण 'जन्माला तर आलो, पण…' म्हणू. शोचिकु या कंपनीच्या तोक्योजवळच्या कामाता येथील स्टुडिओत तो तयार झाला आणि जून १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. पटकथा आकिरा फुशिमी यांची आहे. मूळ कल्पना 'जेम्स माकी' यांची, असे श्रेयनामावली सांगते. हे जेम्स माकी म्हणजे दुसरेतिसरे कोणी नसून खुद्द ओझूच, कारण हे परदेशी थाटाचे टोपणनाव ते त्या काळात हौसेने वापरत असत. 'किनेमा जुन्पो' या प्रतिष्ठित चित्रपट-नियतकालिकाच्या समीक्षकांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम जपानी चित्रपट म्हणून त्याला पहिला क्रमांक दिला. पुढच्या दोन्ही वर्षी हा मान ओझूंच्याच चित्रपटांना मिळाला.

कथा काय आहे?

योशिई नावाचा कारकुनी पेशाचा गृहस्थ बायको आणि दोन मुलगे यांच्यासह तोक्योच्या उपनगरात राहायला येतो. नवे घर त्याच्या साहेबांच्या, म्हणजे इवासाकींच्या, बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि ते मुद्दामच तसे निवडलेले आहे. चित्रपटाच्या अगदी पहिल्या दृश्यात सामानाच्या गाडीचे चाक चिखलात रुतून जागच्या जागी फिरत राहते. चित्रपट दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला ते चाक म्हणजे बापाच्या नोकरीचेच चित्र वाटते.

मोठा र्‍योइची आणि धाकटा केइजी यांना त्या बापाच्या जगाशी देणेघेणे नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळाच असतो, तो म्हणजे गल्लीतल्या टोळीचा आडदांड म्होरक्या. त्याच्या भीतीने दोघे शाळेला दांडी मारतात, माळावर बसून डबा खातात आणि बापाला दाखवण्यासाठी सुलेखनाच्या कागदावर 'उत्तम' असा शेरा दारूच्या दुकानातल्या पोऱ्याकडून लिहून घेण्याचा घाट घालतात. चिमणीचे कच्चे अंडे खाल्ले की अंगात बळ येते, असा त्या पोरांमध्ये पक्का समज असतो आणि त्यामुळे अंड्यांचा व्यापारही चालतो. अखेर त्याच पोऱ्याच्या मदतीने म्होरक्याला वठणीवर आणले जाते आणि दोघे भाऊ टोळीचे राजे होतात. साहेबांचा मुलगा तारो हा आता त्यांच्या हुकमाचा ताबेदार असतो.

एके संध्याकाळी ही पोरे साहेबांच्या घरी जमतात. साहेबांनी हौशी कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफिती तिथे दाखवल्या जाणार असतात. त्या पडद्यावर मुलांना आपला बाप दिसतो. साहेबांना हसवण्यासाठी तो वेडीवाकडी तोंडे करीत असतो. तिथून पुढचा चित्रपट वेगळ्या पातळीवर जातो. त्याविषयी खाली सविस्तर लिहिले आहे.

शीर्षकातला 'पण' कशासाठी?

तो त्या काळातला शब्द आहे. ओझूंनी १९२९ मध्ये 'पदवीधर तर झालो, पण…' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक चित्रपट केला होता आणि १९३० मध्ये 'नापास तर झालो, पण…' असा दुसरा. जागतिक मंदीत विद्यापीठांतून पदव्या घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना नोकऱ्या मिळत नव्हत्या आणि पहिल्या चित्रपटाचे शीर्षक बेकारांच्या तोंडी म्हणीसारखे रुळले होते. पदवी झाली, नापास होणे झाले, आता जन्माला येण्यालाच 'पण' लागला. शीर्षकाच्या वर एक उपशीर्षकही आहे आणि ते मला मूळ नावाहून अधिक आवडते: 'मोठ्यांनी पाहायचे चित्रपुस्तक'.

१९३२ मध्ये जग बोलू लागले होते. मग हा चित्रपट मूक कसा?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे 'आलम आरा' मार्च १९३१ मध्ये आला आणि १९३२ मध्ये प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. म्हणजे कोल्हापुरात हरिश्चंद्र-तारामती पडद्यावर गात होते, त्याच वर्षी तोक्योतले हे दोन भाऊ मुके होते.

शोचिकुनेच १९३१ मध्ये जपानचा पहिला यशस्वी बोलपट काढला होता, त्यामुळे तंत्र हाताशी नव्हते असे नाही. पण जपानमध्ये मूकपट कधी मुका नव्हताच. पडद्याच्या बाजूला उभा राहून कथा सांगणारा, प्रत्येक पात्राचा आवाज काढणारा आणि मध्येच टीकाटिप्पणी करणारा 'बेन्शी' हा तिथल्या चित्रपटगृहाचा खरा नायक होता. लोक नटाइतकेच बेन्शीच्या नावावर तिकिटे काढीत. बोलपट आला म्हणजे या मंडळींच्या पोटावर पाय येणार होता आणि त्यांनी त्याविरुद्ध संपही केले. आवाजाची यंत्रणा बसवण्याचा खर्च छोट्या चित्रपटगृहांना परवडणारा नव्हता, ही आणखी एक अडचण.

ओझूंचे स्वतःचे कारण थोडे खाजगी होते. त्यांचे छायाचित्रकार हिदेओ मोहारा स्वतःची ध्वनिपद्धती विकसित करीत होते आणि बोलपट करीन तर तुमच्याच पद्धतीने, असा शब्द ओझूंनी त्यांना दिला होता. तो शब्द त्यांनी पाळला. त्यांचा पहिला बोलपट 'हितोरी मुसुको', अर्थात 'एकुलता एक मुलगा', १९३६ मध्ये आला, तोवर बहुतेक सर्व समकालीन पुढे निघून गेले होते. वाट पाहण्यात ओझूंचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. ज्या चित्रपटाचा सगळा डौल चेहऱ्यांत, चालण्यात आणि एकाच वेळी वळणाऱ्या दोन मानांमध्ये आहे, त्याला संवादांनी फार काही मिळाले नसते.

मुले एकमेकांना 'मारून पाडतात' तो खेळ काय आहे?

टोळीत ज्याचे राज्य असते, तो समोरच्यावर हाताने मंत्र टाकल्यासारखी खूण करतो आणि समोरच्याने त्या क्षणी, जिथे असेल तिथे, जमिनीवर आडवे व्हायचे असते. मग राजा दुसरी खूण करतो आणि मेलेला जिवंत होऊन उठतो. परवानगी मिळेपर्यंत उठायचे नाही, हा नियम सगळे मनोभावे पाळतात.

हा खेळ मुलांचा असला, तरी चित्रपटाचा कणा तोच आहे, म्हणून त्याकडे नीट पाहावे. मुलांच्या राज्यात सत्ता आहे, वरचढपणा आहे, अपमानही आहे. पण ती सत्ता कशाने मिळते हे सर्वांना उघड दिसते: जो बळकट, ज्याच्यापाशी युक्ती, ज्याने अंडे खाल्ले, तो राजा. आज आडवा झालेला उद्या राजा होऊ शकतो, आणि तसे होतानाही आपण पाहतो. साहेबांचा मुलगा असूनही तारो निमूटपणे धुळीत आडवा होतो, कारण बापाचा हुद्दा या राज्यात चालत नाही.

तो चालत नाही, असे दोघा भावांना वाटते. प्रत्यक्षात त्याची चुणूक त्यांना आधीच मिळालेली असते. दारूच्या दुकानातल्या पोऱ्याने म्होरक्याला बदडून दिले, तेव्हा भाऊ त्याला म्हणतात की आता या तारोलाही एक ठेवून दे. पोऱ्या नकार देतो. तारोच्या घरी माल जास्त जातो, गिऱ्हाईक मोठे, त्याला कसा हात लावणार? पाहणारा येथे हसतो आणि पुढे जातो. चित्रपटातले सर्वांत कडू सत्य ओझूंनी असे एका पोऱ्याच्या तोंडून, हसण्याच्या ओघात, अर्ध्यावरच सांगून टाकले आहे. अर्ध्या तासाने तेच सत्य बापाच्या तोंडून ऐकताना मात्र हसू येत नाही.

मग याला विनोदपट म्हणावे का? शेवटचा भाग तर फार उदास आहे.

ओझूंनाही हाच अनुभव आला होता. मुलांवर चित्रपट काढायला बसलो आणि मोठ्यांवरचा चित्रपट होऊन बसला, हलकेफुलके काही करायचे होते ते करता करता काळवंडत गेले, अशा आशयाचे त्यांनी पुढे सांगितले आहे. कंपनीलाही हा प्रकार अपेक्षित नव्हता आणि त्यामुळे प्रदर्शन काही काळ लांबवण्यात आले.

तरीही तो विनोदपटच आहे, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण त्या घरगुती चित्रफितीच्या प्रसंगात सापडते. पहिला तासभर आपण काय करीत असतो? मुलांच्या माकडचेष्टांवर हसत असतो. लहानग्याच्या पाठीवर 'याचे पोट बिघडले आहे, काही खायला देऊ नये' अशी पाटी लटकवलेली असते, त्यावर हसतो. थोरला भाऊ ज्या क्षणी ज्या ढंगाने उभा राहतो, त्याच क्षणी त्याच ढंगाने धाकटा उभा राहतो, त्यावर हसतो. मग साहेबांच्या दिवाणखान्यात पडदा लागतो. आधी प्राणिसंग्रहालयातले प्राणी येतात. झेब्रा पांढरा आणि त्याच्यावर काळे पट्टे, की काळा आणि त्याच्यावर पांढरे पट्टे, यावरून दोघा भावांची जुंपते आणि मोठ्यांनाही हसू आवरत नाही. नंतर पडद्यावर बाप येतो, तोंडे वेंगाडतो, डोळे फिरवतो. खोलीतले सगळे खदखदतात. आपणही हसतो, कारण तात्सुओ साइतो हा उंच, सडपातळ नट खरोखर गमतीदार आहे. आणि मग कॅमेरा मुलांकडे वळतो. ती हसत नाहीत.

विदूषकी चाळे करून दाखवणाऱ्यावर कोण हसते आणि कोणाला हसता येत नाही, हा प्रश्न एका विनोदपटाने आपल्याच प्रेक्षकाला विचारावा, याला मी धाडस म्हणतो. आपण ज्यावर हसलो त्यावरच साहेब हसले होते, म्हणजे त्या खोलीत आपण साहेबांच्या बाजूला बसलो होतो. येथे ओझू कोणालाही रागावत नाहीत. साहेब दुष्ट नाहीत, बापाला तर कोणी बळजबरीही केलेली नाही. तो आपण होऊन हांजी हांजी करतो, कारण ती त्याच्या नोकरीची अलिखित अट आहे.

घरी आल्यावर जे भांडण होते ते फार सोप्या शब्दांत आहे. तुम्ही आम्हाला मोठे व्हा, मोठे व्हा म्हणता, पण तुम्ही स्वतः कुठे मोठे आहात? तारोच्या बाबांना वाकून नमस्कार का करता? ते पगार देतात म्हणून. मग घेऊ नका पगार. पगार घेतला नाही तर तुम्ही जेवाल काय? ठीक आहे, आम्ही जेवणारच नाही. आणि मुले उपोषणाला बसतात. तर्कात कुठेही खोट नाही, म्हणूनच बापाचा हात उठतो. रात्री झोपलेल्या मुलांकडे पाहत बाप आणि आई बोलतात, की यांनाही आपल्यासारखेच जिणे वाट्याला येणार का. मितसुको योशिकावा यांनी साकारलेली ही आई बोलते कमी, पण तिच्या चेहऱ्यावरून दिसते की मुलांचे म्हणणे तिला कधीचेच पटलेले आहे.

मुलांच्या भूमिका कोणी केल्या?

थोरला हिदेओ सुगावारा, धाकटा तोमिओ आओकी आणि तारो म्हणजे सेइइची कातो. यांतला आओकी त्या वेळी आठ वर्षांचा होता आणि तोवर तो चांगलाच लोकप्रियही झाला होता. ओझूंच्या १९२९ मधल्या 'तोक्कान कोझो' या छोट्या विनोदपटात त्याने असा एक कारटा रंगवला होता, की त्याला पळवून नेणारा माणूसच शेवटी हैराण होऊन त्याला परत आणून सोडतो. 'तोक्कान कोझो' म्हणजे धडक मारत सुटणारे पोर, आणि पुढे हेच त्याचे पडद्यावरचे नाव झाले. तो उतारवयापर्यंत चित्रपटांत कामे करीत राहिला आणि २००४ मध्ये वारला.

साहेबांच्या भूमिकेत ताकेशी साकामोतो आहेत. ओझूंचे पुढचे चित्रपट पाहिलेल्यांसाठी एक छोटी गंमत सांगतो: साहेबांच्या घरी चित्रफीत चालवणाऱ्या माणसाकडे बारकाईने पाहा. तो चिशू र्‍यू आहे, जो वीस वर्षांनी 'तोक्यो मोनोगातारी'मध्ये म्हाताऱ्या बापाच्या भूमिकेत जगप्रसिद्ध झाला.

चित्रीकरण मध्येच काही काळ थांबले होते, कारण एका बालनटाला दुखापत झाली. त्या सुट्टीत ओझूंनी आणखी एक चित्रपट उरकून टाकला. त्या काळातल्या स्टुडिओंचा कामाचा वेग यावरून लक्षात यावा.

ओझूंना मुलांची इतकी जाण कोठून आली? त्यांना स्वतःची मुले होती का?

नव्हती. त्यांनी लग्नच केले नाही आणि आयुष्याचा मोठा भाग ते आईसोबत राहिले. मात्र ते स्वतः बऱ्यापैकी उपद्व्यापी मूल असावेत. जन्म १९०३ मध्ये तोक्योच्या फुकागावा भागात झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास आई मुलांना घेऊन मिए प्रांतातल्या मात्सुसाका गावी राहायला गेली आणि वडील व्यवसायासाठी तोक्योतच थांबले. शाळेच्या वसतिगृहातून ओझूंना काढून टाकण्यात आले होते आणि अभ्यासापेक्षा त्यांचे लक्ष चित्रपटगृहाकडेच अधिक असे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी सुमारे वर्षभर एका डोंगराळ खेड्यातल्या शाळेत बदली शिक्षक म्हणून काम केले आणि १९२३ मध्ये शोचिकुत कॅमेरा विभागात साहाय्यक म्हणून लागले. दूर राहणारा बाप, शाळेला दांडी आणि शिक्षकाच्या टेबलामागून दिसणारा वर्ग, या तिन्ही गोष्टी त्यांना आतून माहीत होत्या.

कॅमेरा इतका खाली का ठेवलेला असतो?

ओझूंच्या पुढच्या चित्रपटांत तो चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेहूनही खाली, जवळजवळ जमिनीला टेकलेला असतो आणि त्यावर पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या गेल्या आहेत. या चित्रपटात त्या सवयीचे एक साधे समर्थन आपोआप मिळते, कारण मुलांचे जग तेवढ्याच उंचीवर असते. मात्र येथला कॅमेरा अजून स्थिर झालेला नाही, तो मजेत हिंडतो.

सर्वांत प्रसिद्ध हालचाल जांभयांची. शाळेतली मुले शिस्तीत दाखवून कॅमेरा बापाच्या कचेरीत येतो आणि टेबलांच्या रांगेवरून सरकू लागतो. एकेक कारकून त्याच्या पुढ्यात आला की जांभई देतो. मग एक जण जांभई न देताच मागे पडतो. कॅमेरा थबकतो, मागे येतो, त्याच्यापाशी थांबतो, आणि तो जांभई देतो. शाळा आणि कचेरी या दोन्ही एकाच साच्यातल्या आहेत, हे सांगायला पडद्यावर मजकूर दाखवणारी एकही पाटी खर्च झालेली नाही.

दृश्ये हळूहळू अंधारात विरून जाण्याची जी पद्धत तेव्हा सर्रास होती, ती आपण या चित्रपटापासून जाणीवपूर्वक सोडली, असे ओझू सांगत. एक दृश्य संपते आणि दुसरे सरळ सुरू होते. मधूनमधून पार्श्वभूमीला लहान विजेच्या रेल्वेगाड्या धावतात, तारांचे खांब दिसतात, दांड्यांवर कपडे वाळत असतात. १९२३ च्या महाभूकंपानंतर तोक्योतले मध्यमवर्गीय जिथे जाऊन वसले, ती ही उपनगरे होत. ऑक्टोबर १९३२ मध्ये, म्हणजे चित्रपट आल्यानंतर चारच महिन्यांनी, कामातासह हा सगळा पट्टा तोक्यो शहरात समाविष्ट झाला. तिथला मोकळा माळ कसा होता, हे या चित्रपटात शिल्लक राहिले आहे.

हॉलीवूडच्या 'अवर गँग' मालिकेसारखाच हा प्रकार आहे का?

वरवर पाहता, होय. हॅल रोच यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या त्या मालिकेतही गल्लीतली पोरे, त्यांच्या टोळ्या आणि मोठ्यांची तारांबळ आहे. ओझू अमेरिकन विनोदपटांचे निस्सीम चाहते होते आणि हॅरॉल्ड लॉइड, चॅप्लिन, लुबिच यांच्या खुणा त्यांच्या सुरुवातीच्या कामात जागोजागी सापडतात. पण 'अवर गँग'मधली मुले मोठ्यांच्या जगाच्या बाहेर राहतात आणि त्या मुक्ततेतच तिथली मजा आहे. ओझूंची मुले मोठ्यांच्या जगाच्या दारावर धडका मारतात.

तसे पाहिले तर पडद्यावरचा विनोद जन्मालाच खोडीतून आला. ल्युमिएर बंधूंची १८९५ मधली एका मिनिटाहूनही छोटी फीत सर्वांना ठाऊक आहे: माळी नळीने पाणी घालतोय, पोरगा हळूच नळीवर पाय देतो, पाणी का थांबले म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो आणि पोरगा पाय उचलतो. शेवटी माळी त्याला पकडून चोपतो. ओझूंच्या बापाचा हात उठतो तो प्रसंग पाहताना मला ही फीत आठवते आणि मध्ये गेलेल्या सदतीस वर्षांत या माध्यमाने किती मजल मारली ते जाणवते.

आपल्या मूकपटांत खोडकर मुलांचे असे काही आहे का?

आहे, आणि ते थेट दादासाहेब फाळक्यांचे आहे. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने बाळकृष्णाचे काम केले. कालियाचा प्रसंग हा त्याचा कळस असला, तरी आधीचा बराच भाग कृष्णाच्या आणि सवंगड्यांच्या खोड्यांचाच आहे. गोकुळातली टोळी, तिचा म्होरक्या आणि त्याच्या तक्रारी घेऊन येणारे शेजारी हा मामला मराठी प्रेक्षकाला पडद्याच्याही आधीपासून, गवळणींतून आणि कीर्तनांतून, पाठ आहे.

दोन्ही चित्रपट पाहिलेल्याला एक विलक्षण योगायोग दिसतो. 'कालिया मर्दन'च्या सुरुवातीला फाळके आपल्या मुलीला कॅमेऱ्यासमोर बसवून तिचे निरनिराळे मुखविकार दाखवतात आणि मगच ती कृष्ण होते. तिथे बाप कॅमेऱ्यामागे उभा आहे, लेक कॅमेऱ्याकडे बघून चेहरे करते आहे आणि त्यात शुद्ध कौतुक आहे. ओझूंच्या चित्रपटात चेहरे करणारा बाप आहे आणि पाहणारी मुले आहेत. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, तरी दोन्ही दृश्ये एकामागून एक पाहावीत, असे मी सुचवीन.

मुलांना 'जनरल' व्हायचे असते, त्यात युद्धाचा प्रचार आहे का?

प्रचार नाही, पण काळाची सावली आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानी सैन्याने मांचुरियात आक्रमण सुरू केले होते आणि त्या वर्षीच्या कोणत्याही जपानी मुलाने मोठेपणी कोण होणार या प्रश्नाला हेच उत्तर दिले असते. धाकटा मात्र लेफ्टनंट जनरलच होणार म्हणतो. पूर्ण जनरल का नको, असे बाप विचारतो, तर म्हणतो की जनरल दादा होणार आहे. हे ऐकून आपण हसतो, कारण ज्या उतरंडीविरुद्ध या मुलाने आदल्या दिवशी अन्न सोडले, तीच उतरंड त्याने आपल्या भवितव्यात मुकाट्याने मांडून ठेवली आहे. दहा-बारा वर्षांनी या वयाच्या मुलांचे काय झाले असेल, हा विचार आजच्या प्रेक्षकाला टाळता येत नाही. ओझूंना तो तेव्हा ठाऊक असणे शक्य नव्हते.

ओझूंचा १९५९ चा 'ओहायो' हा चित्रपट म्हणजे याचाच रंगीत अवतार का?

ढोबळपणे तसे म्हणतात, पण गोष्ट वेगळी आहे. तिथे दोन भावांना घरात दूरचित्रवाणी संच हवा असतो आणि तो मिळत नाही म्हणून ते मौनव्रत धरतात. मूकपटातली मुले जेवण सोडतात आणि बोलपटातली मुले बोलणे सोडतात, ही ओझूंची मिश्किली. 'ओहायो' अधिक प्रसन्न आहे, पण मला मात्र जुना अधिक धारदार वाटतो.

घरातल्या लहान मुलांसोबत पाहावा का?

अवश्य पाहावा. लांबी साधारण दीड तासाची आहे. पडद्यावरच्या पाट्या थोड्या आणि छोट्या आहेत, तेव्हा घरातल्या एकाने बेन्शीचे काम पत्करून त्या मराठीत मोठ्याने वाचून दाखवल्या, तर मुलांना काहीच अडत नाही. आज मिळणाऱ्या प्रतींना नंतर जोडलेले संगीत असते आणि ते प्रतीगणिक बदलते. न रुचल्यास आवाज बंद करून पाहिला तरी चित्रपटाचे काही बिघडत नाही. एवढे लक्षात ठेवावे, की चित्रपट संपल्यावर मुले तुमच्या साहेबांविषयी प्रश्न विचारण्याची शक्यता आहे.

शेवटी मुले हरतात की बाप?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ अंगणात रुसून बसलेले असतात. आई भाताचे गोळे करून आणते. बाप शेजारी येऊन बसतो आणि एक गोळा स्वतः उचलतो. भूक शेवटी भूकच असते. एकाने हात पुढे केला की दुसऱ्याचाही आपोआप पुढे जातो, आणि उपोषण तिथेच संपते. कोणीही माफी मागत नाही.

मग तिघे निघतात. रेल्वेच्या फाटकापाशी साहेबांची मोटार उभी दिसते. बाप मुलांसमोर चुळबुळतो, पुढे जावे की न जावे हे त्याला कळत नाही. तेव्हा मुलेच त्याला सांगतात, की बाबा, जाऊन नमस्कार केलेला बरा. तो जातो, वाकतो आणि साहेबांच्या मोटारीत बसून कामाला निघून जातो. इकडे दोघे भाऊ तारोला गाठतात. कोणाचे बाबा मोठे, हा जुना वाद निघतो आणि भाऊ कबूल करतात की तुझेच. टोळीचा खेळ मात्र थांबलेला नसतो. खूण होते, साहेबांचा मुलगा पुन्हा आडवा होतो, परवानगी मिळाल्यावर उठून कपडे झटकतो आणि तिघे गळ्यात गळे घालून शाळेच्या रस्त्याला लागतात.